कुंडलिकेच्या काठाने एक दिवस

पनवेलहून सुट्टीच्या दिवशी निघणाऱ्या गाड्या बहुतेक दोनच दिशांना जातात. काही बोरघाटाकडे वळतात, काही वडखळवरून अलिबागच्या किनाऱ्याकडे. किनाऱ्याकडे जाणारी मंडळी रेवदंड्याच्या वाळूत बसतात, कोर्लईच्या दीपगृहापाशी फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परततात. रेवदंडा आणि कोर्लई ही एकाच नदीच्या मुखावर समोरासमोर असलेली ठाणी आहेत, हे फार कमी जण सांगू शकतात. डोळ्यांसमोर समुद्र असतो आणि नदी पुलाखालून निघून जाते.

ती नदी कुंडलिका. तिच्या खोऱ्यात सुरगड आहे, अवचितगड आहे, खाली बिरवाडी, मुखावर कोर्लई आणि रेवदंडा, आणि रेवदंड्याला लागून चौल, म्हणजे दोन हजार वर्षांचं बंदर. हे सगळं एका दिवसात पाहून होणार नाही आणि तसा हट्टही धरू नका. माझं सांगणं एवढंच की किल्ले सुटे सुटे पाहण्याऐवजी नदी धरून पाहा आणि शक्यतो वरून खाली, पाण्याच्या दिशेने या. म्हणजे कुठला किल्ला कशासाठी बांधला हे पाटी न वाचता कळायला लागतं.

आधी नदीबद्दल थोडं. कुंडलिका सह्याद्रीत भिऱ्याच्या बाजूला उगम पावते आणि कोलाड, रोहा करत पश्चिमेला समुद्राला मिळते. कोकणातल्या बाकीच्या नद्या मार्चपासून आटतात, तेव्हा कोलाडला मात्र उन्हाळ्यातही राफ्टिंग चालू असतं. ते पाणी मुळात कुंडलिकेचं नाही. मुळशीच्या धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवतात आणि वीज तयार झाली की ते कुंडलिकेत सोडतात. एरवी पुण्याकडून भीमेत, कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळालं असतं, ते पाणी रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. याच धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. खालच्या अंगाला भरतीचं पाणी खाडीतून आत शिरतं आणि जुन्या काळी त्या भरतीवर मचवे थेट रोह्यापर्यंत येत. घाटावरचा माल खाली उतरायचा आणि समुद्रावरचा माल वर चढायचा, तो याच पाण्याच्या आधाराने. खोऱ्यातले किल्ले या वाटेवर नजर ठेवून आहेत.

दिवस निवडताना ऋतूइतकाच तिथीचा विचार करा. ऋतू सोपा आहे: नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. पावसाळ्यात अवचितगडाची वाट निसरडी असते आणि कोर्लईच्या माथ्यावर वारा माणसाला उभं राहू देत नाही. मार्चनंतर कोर्लईवर दुपारी जाणं म्हणजे तव्यावर चालणं. तिथीचं गणित मात्र शहरी माणूस विसरला आहे. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला पूर्ण भरती. द्वादशीला नऊला. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अंदाज ढोबळ आहे, अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडू शकतो, पण सहलीला पुरेसा आहे. आपल्याला दुपारी तीनच्या सुमाराला कोर्लईच्या माथ्यावरून उघडी पडलेली खाडी पाहायची आहे, म्हणून शुद्ध किंवा वद्य एकादशी-द्वादशीच्या जवळचा शनिवार-रविवार बघा. भरतीच्या वेळी वरून नुसतं पाणीच पाणी दिसतं. ओहोटीला वाळूचे दांडे, चिखलाचे पट्टे आणि खोल पाण्याची चिंचोळी वाट वेगवेगळी दिसते, आणि किल्ल्याची जागा का निवडली ते लक्षात येतं.

पनवेलहून पहाटे साडेपाचला निघा. सहाला निघू असं ठरवलंत तर सात वाजतात, हा सर्वांचाच अनुभव आहे. डाव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका अंधारातच मागे पडेल, खारपाड्याला पाताळगंगा ओलांडाल, पेण आणि वडखळ झालं की अलिबागचा फाटा सोडून सरळ गोवा महामार्गाने नागोठणं. इथवर साठेक किलोमीटर होतात. नागोठण्याला अंबा नदीवर एक जुना दगडी पूल आहे, तो पाहायला दहा मिनिटं थांबा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्या काळात, चौलच्या काझी अल्लाउद्दीन नावाच्या गृहस्थाने तो बांधला. बंदर चौलला आणि पूल इतक्या आत, याचं कारण बंदराचा माल जायचा तो याच अंगाने. म्हणजे चौलची पहिली खूण तुम्हाला चौलच्या कितीतरी आधी भेटते.

नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्याकडे जाणारा रस्ता धरा. रोहा यायच्या आधी सातेक किलोमीटरवर मेढे गाव लागतं, अवचितगडाची वाट तिथून सुरू होते. पिंगळसईकडूनही वाट आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने मेढ्याची धरावी. गावातून एखादा माणूस बरोबर घ्या आणि त्याची बिदागी आधीच ठरवा. जंगल दाट आहे, गुरांच्या वाटा फसवतात आणि चुकून गेलेले दोन तास पुढचा सगळा दिवस खातात. गड तीनशे मीटरच्या आसपास उंच, चढायला बेताच्या चालीने दीड तास. वाटेत झाडीत वीरगळ दिसतील. त्यावर बसून न्याहारी करू नका.

माथ्यावर मला सर्वांत आवडतो तो बारा कोनांचा तलाव. गोल नाही, चौकोनी नाही, चांगला बारा बाजूंचा बांधीव. जवळच्या बुरुजावर शिलालेख आहे, त्यात शके 1718, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा काळ कोरला आहे. म्हणजे 1796 चा गुढीपाडवा. गड शिवकाळाच्याही आधीचा, पण हे काम पेशवाईच्या अगदी उतरणीचं. साम्राज्य मोडकळीला येत असताना कुणीतरी पाडव्याचा मुहूर्त साधून बुरुज नीट करून घेत होतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना शकात 78 मिळवून इसवी सन काढायला सांगा, शिलालेखापुढे उभं राहून केलेली बेरीज लक्षात राहते. पुढे सलग खोदलेली पाण्याची टाकी आहेत, महादेवाचं स्थान आहे, दीपमाळ आहे. टाक्यांतलं पाणी गावकरी पीत असले तरी तुम्ही आपलं घरून न्या, माणशी दोन लिटर. आणि मग तटावर जाऊन कुंडलिकेकडे पाहा. खाली रोहा आणि अष्टमी नदीच्या दोन काठांवर बसलेली, पुढे धाटावच्या कारखान्यांची धुराडी, आणि पश्चिमेला रुंदावत गेलेली खाडी. मचवा वर आला की इथल्या पहारेकऱ्याला तो दिसणारच.

गडावर मोहोळं असतात. अत्तर, धूर, मोठ्या आवाजातली गाणी, तिन्ही टाळा. साडेअकरापर्यंत खाली या.

ज्यांना दीड तासाचा चढ झेपणार नाही त्यांच्यासाठी सुरगडही सोपा नाही, तेव्हा त्याचं नाव या सहलीत काढू नका. महामार्गावरच्या खांब गावाजवळचा हा छोटा, देखणा गड स्वतंत्र सकाळ मागतो. घरात वयस्क माणसं असतील तर अवचितगड सरळ गाळा, पनवेलहून आठला निघा आणि अलिबागवरून चौल, रेवदंडा, कोर्लई असा खालचाच अर्धा भाग करा. त्यात काही कमीपणा नाही. उलट चौल नीट पाहायचं तर हाच मार्ग बरा, हे पुढे येईलच.

रोह्यात पोटाला आधार द्या, पेट्रोल भरा आणि स्वच्छतागृहाचं काम उरका, कारण पुढे चाळीसेक किलोमीटर यापैकी कशाचीच खात्री नाही. रोह्याचे धावीर महाराज ठाऊक नसतील तर देवळात डोकावून या. दसऱ्याच्या पालखीच्या वेळी या ग्रामदैवताला पोलिसांकडून सशस्त्र सलामी दिली जाते.

इथून दक्षिण काठाने चणेरा, तळेखार, साळाव असा रस्ता आहे. तो दर वेळी चांगल्या अवस्थेत असेलच असं नाही, म्हणून रोह्यात एखाद्या रिक्षावाल्याला विचारून घ्या. गुगलला रस्त्यातले खड्डे दिसत नाहीत. चणेऱ्याजवळ बिरवाडीचा किल्ला खुणावेल, आज त्याला लांबूनच नमस्कार. तसंच कुणीतरी गाडीत कुडा लेण्यांचं नाव काढेल. सव्वीस लेणी आहेत, शिलालेख आहेत, सगळं खरं, पण ती मांदाडच्या खाडीवर आहेत, वेगळ्या पाण्यावर. या रस्त्याने जाताना उजव्या हाताला तिवरांच्या मागे खाडी लपतछपत बरोबर चालते. ही खाडी म्हणजे जंजिरा संस्थानाची उत्तर सीमा होती. 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत पलीकडे कुलाबा जिल्हा आणि अलीकडे हबसाण अशी वाटणी होती. पलीकडच्या काठावर आधी निजामशाही, पोर्तुगीज, मग आंग्रे, पेशवे आणि शेवटी इंग्रज. नदीच्या दोन काठांना दोन धनी असले की किल्ले वाढतात.

साळावला पोहोचलात की पूल ओलांडू नका, आधी डावीकडे कोर्लई. जेवण रेवदंड्यातही मिळेल, पण तोवर अडीच वाजतील, म्हणून कोर्लईच्या आसपास घरगुती खानावळ दिसली तर तिथेच बसा. बोंबील, सुरमई, तांदळाची भाकरी. शाकाहारी असाल तर सकाळीच फोन करून सांगितलेलं बरं. पोट गच्च भरू नका, अजून एक चढ आहे.

कोळीवाड्यातून दीपगृहाकडे जाणारा रस्ता अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंनी मासळी वाळत असते. मोठी गाडी गावाबाहेर लावून चालत जा, समोरून टेम्पो आला तर तुम्हालाच मागे घ्यावी लागेल. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढून वीसेक मिनिटांत तुम्ही वर असता. टेकडी शंभर मीटरच्या आतबाहेर उंच, तीन बाजूंनी पाण्यात घुसलेली, आणि किल्ला तिच्या कण्यावरून लांबच लांब पसरलेला. लांबी भरपूर, रुंदी बेताची, त्यामुळे एकामागून एक दरवाजे ओलांडत जावं लागतं. शत्रूने एक दार फोडलं तरी पुढे दुसरं, मग तिसरं.

आता वरून पलीकडे रेवदंड्याकडे बघा आणि ओहोटीत उघडी पडलेली वाट हेरा. पोर्तुगिजांनी 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पलीकडे सपाटीवर किल्ला बांधायला घेतला. त्या गावाला समुद्राचं भय नव्हतं, भय होतं ते या टेकडीचं. इथे कुणी तोफ चढवली तर खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत तिच्या तोंडी येणार आणि पलीकडचं गावही. निजामशाहीने शतकाच्या शेवटी नेमकं तेच केलं, टेकडीवर किल्ला उभारला आणि पलीकडे मारा सुरू केला. अखेर 1594 च्या सप्टेंबरात पोर्तुगिजांनी टेकडीवर हल्ला करून ती घेतली आणि मग जवळजवळ दीडशे वर्षं सोडली नाही. संभाजी महाराजांच्या फौजांनी 1683 मध्ये या बाजूला वेढा दिला होता. वसई पडल्यावर पोर्तुगिजांचं उत्तर कोकणातलं बळ संपलं आणि 1740 च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. मराठ्यांनी बुरुजांची नावं बदलली, सान दिएगोचा पुस्ती बुरुज झाला, सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरुज. आज एकाच तटाच्या आत पडकं चर्च आहे आणि महादेवाचं देऊळही आहे. उत्तर टोकाला पाण्यालगत उतरलेली तोफांची बातेरी चुकवू नका, बरेच जण चर्चपाशी फोटो काढून तिथूनच मागे फिरतात.

याच खाडीत 1508 च्या मार्चमध्ये एक लढाई झाली, तिची आठवण खरं तर इथे बसून करायला हवी. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो दि आल्मेदा आपली जहाजं घेऊन चौलला नांगरून होता. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली चालून आलं, त्याला दीवचा मलिक अयाझ येऊन मिळाला. निसटून जाताना लोरेन्सोचं जहाज अडकलं ते कोळ्यांनी मासे धरायला पाण्यात रोवलेल्या खुंटांत, आणि तिथेच तो मारला गेला. मुलाचा सूड घ्यायला बाप पुढच्या वर्षी दीववर गेला आणि त्या लढाईने अरबी समुद्राचं राजकारण फिरलं. खुंट रोवणाऱ्या कोळ्यांचं नाव अर्थातच कुठल्या इतिहासात नाही.

खाली कोर्लई गावात साधारण हजारभर लोकांच्या घरात आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली स्वतंत्र बोली बोलली जाते. किल्ला मराठ्यांकडे जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली तरी ती टिकली आहे. आता एक विनंती. चर्चबाहेर भेटलेल्या म्हाताऱ्या बाईंसमोर मोबाईल धरून "जरा तुमच्या भाषेत बोलून दाखवा" असं म्हणू नका. दुकानात काही विकत घ्या, दोन मिनिटं थांबा, आपसातलं बोलणं आपोआप कानावर येईल.

साडेचार-पाचला पूल ओलांडून रेवदंड्यात या. रस्ताच किल्ल्यातून जातो, तटाला भगदाड पाडून गाव आरपार वसलेलं आहे, म्हणून आपण किल्ल्यात शिरलो हे अनेकांना कळतच नाही. वेळ थोडा आहे, तेव्हा सातखणी मनोऱ्याकडे जा. हा चर्चचा मनोरा, नावात सात मजले असले तरी उभे आहेत चारच. आत शिरून वर चढायचा प्रयत्न करू नका आणि तटातल्या भुयारी वाटांत मुलांना सोडू नका. तिथून समुद्राच्या बाजूच्या तटाने चाला. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाने या किल्ल्याला वेढा घातला, त्याच सुमारास आदिलशहा गोव्याला भिडला होता, आणि दोन्हीकडे पोर्तुगीज टिकून राहिले. कोर्लई आणि रेवदंडा हे दोन्ही किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. चिरंजीवांना हे आधीच सांगून ठेवा.

रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात अफानासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या आधी, त्वेर शहरातला हा माणूस विकायला घोडा घेऊन चौलला उतरला. पुढे पाली करत जुन्नरला गेला, म्हणजे आपण सकाळी ज्या मुलखातून आलो त्याच अंगाने घाट चढला. स्मारक शाळेच्या आवारात असल्यामुळे विचारल्याशिवाय आत शिरू नये.

आता चौल. खरं सांगायचं तर या फेरीत सर्वांत मोठी जागा हीच आणि सर्वांत कमी दिसते ती हीच. पेरिप्लसमध्ये कल्याणनंतरचं बंदर म्हणून सेमिला येतं, टॉलेमीकडे सिमिला, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या गावात चेमुल. अल मसूदी 916 च्या सुमारास इथे आला, त्याने सैमूर लिहिलं आणि दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद केली. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केलं आहे, पण खड्डे बुजवलेले असतात, तेव्हा तिथे जाऊन काही पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. जुनं बंदर आज नारळी-पोफळीच्या वाड्यांखाली आहे आणि त्या वाड्या लोकांच्या खाजगी मालकीच्या आहेत. कुंपण ओलांडून खापरं वेचायला जाऊ नका.

दिसण्यासारखं आहे ते असं. रस्त्यालगत रामेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी. जरा आत हमामखाना आणि राजकोटाचे अवशेष. टेकडीवर हिंगलाज देवी आणि लेणी, दुसऱ्या टेकडीवर दत्त. अवचितगड करून आला असाल तर एव्हाना सहा वाजले असतील, रामेश्वरापुढे दहा मिनिटं बसा आणि बाकी सोडा. खालचा अर्धा भागच करणाऱ्यांनी मात्र चौल सकाळी घ्यावं, आधी हिंगलाज, मग हमामखाना, मग रामेश्वर, आणि दुपारी रेवदंडा-कोर्लई. मार्गशीर्षात दत्ताची यात्रा पाच दिवस चालते, त्या दिवसांत इथून गाडी पुढे सरकत नाही.

गाडी नसलेल्यांनी दोन वाटा लक्षात ठेवाव्यात. अवचितगडासाठी दिवा-रोहा गाडी पनवेलला मिळते, रोह्याहून मेढ्याला रिक्षा. खालच्या भागासाठी पनवेल स्टँडवरून अलिबागची एसटी आणि अलिबागहून मुरुडची. ती चौल, रेवदंडा, कोर्लई या क्रमानेच जाते. दोन्ही भाग एका दिवसात एसटीने जमत नाहीत, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता हे सकाळी उतरल्या उतरल्याच स्टँडवर विचारून घ्यावं.

स्वतःच्या गाडीचा सगळा फेरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होतो. रविवारी संध्याकाळी अलिबागहून परतणाऱ्या गाड्या पोयनाडपासून वडखळपर्यंत रांग लावतात, त्या रांगेत सातला शिरण्यापेक्षा चौल-अलिबागच्या वाटेवर कुठे तरी जेवून साडेआठला निघालेलं परवडतं. जानेवारीत गेलात आणि शेतात कुणी ओळखीचं पोपटी लावत असेल, तर वडखळचा विचार साडेदहापर्यंत करूच नका.